मोजणीतली मुलं आणि मोजणीबाहेरची मुलं
(बालविकास क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या चेंबूर येथील परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



मुंबईतल्या बालरोगतज्ज्ञांना आज ऑटिझमबद्दल एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. नातवाला घेऊन आलेली आजी विचारते, शाळेच्या मुख्याध्यापिका विचारतात, वार्ताहरही विचारतात : आमच्या वेळी अशी मुलं नव्हती, आता एवढी कुठून आली? प्रश्नामागे भीती आहे आणि ती खोटी नाही. म्हणून आधी आकडे पाहू.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2000 सालापासून 8 वर्षांच्या मुलांमधला ऑटिझम ठरावीक ठिकाणी मोजायला सुरुवात केली. पहिल्या मोजणीत 150 मुलांमागे 1 मूल आढळलं. 2010 साली 68 मागे 1, 2020 साली 36 मागे 1, आणि एप्रिल 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 2022 च्या मोजणीत 31 मागे 1. ही उतरंड वर्तमानपत्रात वाचली की साथ पसरल्यासारखं वाटतं. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे, ती मथळ्यात आली नाही. टेक्सासमधल्या लारेडो भागात 103 मुलांमागे 1 मूल सापडलं आणि कॅलिफोर्नियातल्या केंद्रात 19 मागे 1. एकाच देशात, एकाच वर्षी, एकाच वयाच्या मुलांत पाचपट फरक. कॅलिफोर्नियातल्या त्या भागात बालरोगतज्ज्ञांना लहान वयातच तपासणी करण्याचं प्रशिक्षण दिलेलं आहे, पुढे पाठवण्याची सोय आहे. लारेडोतली मुलं वेगळ्या मातीची नाहीत. तिथे शोधणारे हात कमी आहेत.

आजच्या भाषणाचा सगळा रोख याच पाचपटीवर आहे, कारण तसा फरक चेंबूरमध्ये पाहायला समुद्र ओलांडावा लागत नाही.

आकडा वाढण्याची कारणं थोडक्यात सांगायला हवीत. लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञाने 1943 साली 11 मुलांचं वर्णन करणारा निबंध लिहिला, तेव्हा ऑटिझम म्हणजे फार क्वचित आढळणारी, अतिशय तीव्र अवस्था, असं मानलं जाई. 1979 साली लंडनमध्ये लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी कॅम्बरवेल भागातली मुलं पाहिली आणि दाखवून दिलं की कॅनरच्या चौकटीत न बसणारी, पण तशाच अडचणी असलेली कितीतरी मुलं आहेत. विंगबाईंची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. आज आपण ज्याला स्पेक्ट्रम म्हणतो तो विचार एका आईच्या आणि एका संशोधकाच्या अशा दुहेरी नजरेतून आला. पुढे अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत 1994 साली अ‍ॅस्पर्गरचं निदान आलं, 2013 साली ते आणि इतर उपप्रकार एकाच स्पेक्ट्रममध्ये मिळाले. ऑटिझम आणि अतिचंचलता ही दोन्ही निदानं एकाच मुलाला देण्याची मुभाही तेव्हाच मिळाली. चौकट रुंदावली, आत येणारी मुलं वाढली. डेन्मार्कमध्ये 1980 ते 1991 या काळात जन्मलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा तिथल्या वाढीपैकी सुमारे 60 टक्के वाढ निदानाचे निकष आणि नोंद करण्याची पद्धत बदलल्यामुळे होती, असं 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

सगळी वाढ कागदावरचीच, असं मात्र म्हणता येणार नाही. आईवडिलांचं वय अधिक असताना झालेल्या आणि मुदतीआधी जन्मलेल्या मुलांमध्ये ही जोखीम जास्त असते, आणि शहरांत लग्नं उशिरा होताहेत, सातव्या महिन्यात जन्मलेली बाळं आता जगताहेत. ती जगतात हा आपल्या वैद्यकाचा मोठा विजय आहे. त्या विजयानंतरची जबाबदारीही आपलीच.

हे सगळं ठाऊक असूनही दोष मात्र आईवरच येतो. ‘थंड’ आईमुळे मूल आपल्यात मिटून जातं, ही कल्पना परदेशात दोन-तीन दशकं चालली. ब्रुनो बेटेलहाइम यांच्या 1967 च्या पुस्तकाने तिला प्रतिष्ठा दिली. 1977 साली सुसान फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा वाटा दाखवला आणि त्या कल्पनेचा पाया सुटला. आपल्याकडे तीच कल्पना नवे कपडे घालून आली आहे. आई नोकरीला जाते म्हणून, सासूसासरे वेगळे राहतात म्हणून, हातात मोबाइल दिला म्हणून. मोबाइलबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडद्यासमोर बसवू नये, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलं आहे, ते योग्यच आहे. पडद्यापुढे तासन्‌तास बसलेल्या मुलाचं बोलणं मागे पडू शकतं. पण ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ नावाचं मान्यताप्राप्त निदान अस्तित्वात नाही, आणि ते शब्द तोंडावर फेकून एखाद्या आईला घरी पाठवणं हे क्रौर्य आहे. मोबाइल बंद करून सहा महिने वाट पाहा, या सल्ल्यात त्या मुलाचे सर्वांत मोलाचे सहा महिने जातात.

लसीचीही तीच गत. 1998 साली अवघ्या 12 मुलांवर बेतलेला अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि 2010 साली तो मागे घेतला गेला. 2019 साली डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि ऑटिझम यांचा काही संबंध सापडला नाही. तरी शंका टिकून राहते, कारण दीड ते दोन वर्षांच्या ज्या वयात बूस्टर दिला जातो त्याच वयात बोलणं आणि बोट दाखवणं मागे पडल्याचं घरच्यांच्या ध्यानात येतं.

बोट दाखवणं ही साधी गोष्ट थोडी जवळून पाहू, कारण निम्मं निदान तिथे दडलेलं असतं. बिस्किटांचा डबा ओट्यावर उंच ठेवला आहे. एक मूल डब्याकडे बोट करतं, मग वळून आईच्या डोळ्यांत पाहतं, परत डब्याकडे. दुसरं मूल आईचं मनगट धरून तिचा हात डब्यापर्यंत ओढतं. आईच्या चेहऱ्याकडे त्याची नजर जात नाही. बिस्किट दोघांनाही मिळतं, म्हणून घरात फरक कुणाला जाणवत नाही, उलट ‘काय हवं ते बरोबर कळतं त्याला’ असं कौतुकही होतं. आता घाटकोपरकडे उतरत जाणारं विमान खिडकीतून दिसतं. पहिलं मूल बोट दाखवतं ते काही मागण्यासाठी नव्हे, तर ‘तूही बघ’ म्हणून. दुसरं मूल विमान पाहतं, कदाचित पहिल्याहून जास्त वेळ पाहतं, पण कुणाला दाखवत नाही. दीड वर्षानंतरही हे ‘तूही बघ’ दिसत नसेल, पाठीमागून नाव घेतल्यावर मूल वळत नसेल, तर आधी कानांची ‘बेरा’ तपासणी आणि लगोलग विकासाची तपासणी. याचा बापही चार वर्षांनी बोलला होता, मुलगे उशिराच बोलतात, ही वाक्यं मायेपोटी येतात, पण त्यांना तपासणीची जागा देऊ नये. आणि मुलींना तर आपण आणखी उशिरा ओळखतो. गप्प बसणारी मुलगी आपल्या घरात गुणी ठरते.

आता चेंबूरकडे येऊ. इथे निदान करणारे आहेत, थेरपी केंद्रं आहेत, आईबापांचे व्हॉट्सअ‍ॅप गट आहेत, ‘शॅडो टीचर’ हा शब्द सोसायटीच्या बाकांवर ऐकू येतो. हार्बर लाइनवर चेंबूरच्या पुढचं स्टेशन गोवंडी, त्याच्या पुढचं मानखुर्द. चेंबूर महापालिकेच्या एम-पश्चिम विभागात, गोवंडी, देवनार, मानखुर्द एम-पूर्व विभागात. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्वचा निर्देशांक होता 0.05, शहरात सर्वांत खालचा. शिवाजीनगर किंवा लल्लूभाई कंपाउंडमधल्या आईला महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय असलेलं जवळचं रुग्णालय म्हणजे सायन. आठवड्यातून दोनदा थेरपी म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली, आणि लोकलच्या गर्दीत आवाजाने कान झाकून किंचाळणारं मूल सांभाळायचं, लोकांच्या नजरा सोसायच्या. काही आठवड्यांत ती येणं बंद करते आणि केस-पेपरवर ‘फॉलोअपला आले नाहीत’ असा शेरा पडतो. अशा मुलाची गणना शेवटी कुठेच होत नाही. 2011 च्या जनगणनेत अपंगत्वाचे 8 गट होते, ऑटिझमला त्यांत स्वतंत्र जागा नव्हती.

मोजणीबाहेर अशी मुलं आहेत याचा पुरावा आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या इन्क्लेन संस्थेच्या पाहणीत उत्तर गोव्यासह देशातल्या 5 ठिकाणची 3,964 मुलं दारोदार जाऊन तपासली गेली. दोन ते सहा वर्षांच्या आतल्या 9.2 टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या 13.6 टक्के मुलांत विकासाशी संबंधित एक तरी अडचण आढळली. त्यात ऑटिझम आहे, अपस्मार आहे, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणी आहेत, बौद्धिक अक्षमता आहे. म्हणजे साधारण आठ मुलांमागे एक. दवाखान्यात आलेल्यांची ही गणती नव्हती, संशोधक स्वतः घरापर्यंत गेले म्हणून ती मिळाली.

भाषेची अडचण या सगळ्याहून कमी बोलली जाते. घरात मराठी, शेजारी हिंदी, थेरपीत इंग्रजी. मुलाला गोंधळ नको, घरीही इंग्रजीच बोला, असा सल्ला आजही दिला जातो. दोन भाषा ऐकल्याने ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. मोडक्या इंग्रजीत ‘गिव्ह मी’, ‘सिट डाउन’ एवढंच बोलणारी आई त्या मुलाशी गप्पा मारायचं थांबवते. अंगाईगीत, बडबडगीत, आजीची गोष्ट, भाजी निवडताना चाललेलं बोलणं, हे सगळं त्या घरातून जातं. चेंबूरमध्ये तमिळ, सिंधी, मल्याळम, मराठी, गोवंडीत हिंदी-उर्दू घरं आहेत. त्या त्या भाषेत आईबापांना शिकवणारी माणसं तयार करणं, हे महागड्या उपकरणांपेक्षा आधीचं काम आहे. मराठीत साधी, चित्रांची, वापरता येतील अशी पत्रकं आणि संवाद-तक्ते हवेत. ते लिहायला या सभागृहात पुरेशी माणसं बसली आहेत.

जिथे सोय कमी, तिथे बाजार लवकर पोचतो. पालकांच्या उतावीळपणावर लाखो रुपये उकळणारे उपचार आपल्या शहरात विकले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट सांगितलं की ऑटिझमसाठी मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही आणि त्यांची जाहिरात हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. आपल्यापैकी कुणी अशा केंद्राकडे रुग्ण पाठवत असेल तर ते आजपासून थांबलं पाहिजे. तसंच, वाचा-उपचार करणाऱ्याची किंवा विशेष शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. विचारल्यावर कुणी रागावलं तर दुसरीकडे जावं.

कायदा आपल्या बाजूने आला आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझम नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारांत त्याला जागा दिली. प्रमाणपत्रासाठी 40 मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली विशेष विद्यार्थ्यांसाठी प्राथमिक स्तरावर 10 मुलांमागे आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं, आणि मार्च 2025 मध्ये राज्यांना ती पदं निश्चित करून जाहीर करायला सांगितलं. शाळेच्या दारातून परत पाठवलेल्या पालकाला यातला एकही तपशील माहीत नसतो. तो त्याच्या हातात मराठीत लिहून देणं निदानाच्या कागदाइतकंच गरजेचं आहे.

आणि ही मुलं मोठी होतात. जुहूच्या ‘कॅफे अर्पण’मध्ये 2018 पासून विकासात्मक अक्षमता असलेली प्रौढ माणसं काम करतात, गिऱ्हाइकांना खायला वाढतात, पगार घेतात. पूर्व उपनगरांत अशी ठिकाणं वाढायला हवीत. माझ्यामागे याचं काय, हा पालकांचा रात्रीचा प्रश्न आहे आणि केवळ बालरोगतज्ज्ञांच्या परिषदा त्याचं उत्तर देऊ शकणार नाहीत. पण तो प्रश्न ऐकला नाही तर आपलं बाकीचं काम अपुरं राहील.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी महाराष्ट्रातूनच, पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात, माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे छापलेले आहेत. यंत्रणा नवी उभारायची नाही, आहे ती वापरायची आहे. म्हणून या अध्यक्षपदावरून एकच विनंती. 16 ते 24 महिन्यांच्या बूस्टरला बहुतेक मुलं येतात, चेंबूरची आणि गोवंडीचीही. सुई टोचण्याआधी प्रत्येक मुलाच्या आईला तिच्या भाषेत दोन प्रश्न विचारा : नाव घेतल्यावर वळतो का? काही दिसलं की बोट करून तुम्हाला दाखवतो का? उत्तर ‘नाही’ आलं तर वाट पाहायला सांगू नका. ते त्याच दिवशी कार्डावर लिहा, पुढच्या केंद्राचं नाव आणि वार लिहा, आणि पुढच्या महिन्यात ती पोचली की नाही हे तिला फोन करून विचारा.