रंगमंचावरचे दिवे

माजी विद्यार्थी आणि पालकहो,

आपल्या रंगमंचावरील सहा हॅलोजन दिवे यंदा उतरवले. प्रत्येक दिवा 500 वॅटचा. दोन तासांत एक युनिट वीज घेई आणि तिचा बहुतांश भाग उष्णतेतच दवडी. स्नेहसंमेलनात चेहऱ्यावरचा रंग घामाने कसा ओघळे, हे आपणांस स्मरत असेलच! आता 100 वॅटचे एलईडी तेवढ्याच युनिटात दहा तास चालतात. 2014चे नोबेल ज्या निळ्या एलईडीला लाभले, त्याच्याच प्रकाशातून हा पांढरा उजेड साधतो. जुनी पिवळसर झाक अनेकांना प्रिय, म्हणून 3000 केल्व्हिनचे दिवे निवडले.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेला रुपया मोजूनच खर्चावा लागतो. वीजबिलातील बचत ग्रंथालयाच्या मराठी पुस्तकांसाठी राखावी, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. त्यास आपले अनुमोदन असावे, ही विनंती.