तंजावरचे मोडी दप्तर आणि पीएच.डी.चा विद्यार्थी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तंजावर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पीएच.डी. या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. आम्ही बी.ए. आहोत. गेली तीस वर्षे केंद्र सरकारच्या नोकरीत दुसऱ्यांच्या बेरजा तपासण्यात गेली. चार वर्षांच्या पदवीवर पंचाहत्तर टक्के गुण असल्यास थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो, असा नियम २०२२ साली झाला खरा. पण आमची पदवी तीन वर्षांची आणि गुण चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत, तेव्हा तीही वाट बंद. तरी चिटणिसांनी आग्रह धरला. कारण एवढेच की, महाराष्ट्रातून येथे संशोधनासाठी येणारी मुलेमुली बहुधा आमच्याच घरी उतरतात, आणि त्यांची सुखदुःखे आमच्या पडवीत बोलली जातात.

तंजावरास मराठी अभ्यासकाने का यावे, हे या सभेत सांगावयास नको. १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजांनी स्थापिलेले राज्य १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुरुष वारस न ठेवता निवर्तल्यावर कंपनी सरकारच्या घशात गेले. मधल्या जवळजवळ एकशे ऐंशी वर्षांत शाहराजांची मराठी नाटके झाली, सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली ‘बालबोधमुक्तावली’ देवनागरीत छापली गेली, आणि १९१८ साली सर्वांस खुले झालेले सरस्वती महाल ग्रंथालय मागे राहिले. येथील मोडी बाडांत राज्याचा रोजचा जमाखर्च आहे. पुण्याचा विद्यार्थी ते ऐकून हरखतो आणि विषय नोंदवून मोकळा होतो. अडचणी त्यास येथे आल्यावर कळतात.

पहिली अडचण म्हणजे दप्तर एका जागी नाही. काही सरस्वती महालात, काही तामिळ विद्यापीठात, काही चेन्नईच्या पुराभिलेखागारात. दुसरी मोडीची. बोरू न उचलता लिहिण्याची ती लिपी. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द कोठे संपला याची खूण नाही. पुण्यात तीन महिने मोडी शिकून आलेला मुलगा पेशवे दप्तरातले वळण ओळखतो. येथील कारकुनाचे वळण पाहून त्याचा चेहरा उतरतो. त्यात मजकूर मराठी असला तरी धान्य कलम आणि मरक्काल या मापांनी मोजलेले, पैसा चक्रम आणि पणम यांत, महिने पुष्कळदा तामिळ. बारा मरक्काल म्हणजे एक कलम, हे महाराष्ट्रातल्या कोणत्या शाळेत शिकवितात? गंमत अशी की, तामिळ विद्यापीठाने १९८९ साली या मोडी कागदांचे तामिळ भाषांतर टिपांसह प्रसिद्ध केले. तेव्हा मराठी मुलास आपल्याच पूर्वजांचे मराठी समजून घेण्यासाठी आधी तामिळ शिकावे लागते. आम्ही प्रत्येकास हेच सांगतो : पहिले सहा महिने दप्तरास हात लावू नका, बाजारात जाऊन भाजी घ्या. भाजीवाल्या आजींसारखा शिक्षक नाही.

इतिहासाचार्य राजवाडे हेही बी.ए.च होते, असे म्हणून आम्ही कधी कधी स्वतःची समजूत घालतो. पण राजवाड्यांस मुदतीत प्रबंध सादर करावयाचा नव्हता. हल्लीच्या विद्यार्थ्यास कमाल सहा वर्षे, पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन, आणि स्त्रियांस त्यावर दोन वर्षांची सवलत. कागदावर हा काळ मोठा दिसतो. प्रत्यक्षात शिष्यवृत्ती आधी संपते, मग बरोबरीचे मित्र घरे घेतात, आणि नातेवाईक भेटेल तेथे विचारतात, ‘‘काय, संपले की नाही?’’

आता जे सांगावयाचे आहे ते सांगतो. आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी चार वर्षांपूर्वी आमच्याकडे राहावयास आली. विषय तंजावरच्या राजांच्या अन्नछत्रांचे हिशेब. वाटसरू आणि रामेश्वरचे यात्रेकरू यांच्यासाठी राजांनी ठिकठिकाणी छत्रे बांधिली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. १८०१ साली सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटास या छत्रांविषयी पत्र लिहिले. वाटसरू कोणत्याही जातीचा असो, त्यास अन्न मिळते. शिजलेले न चालणाऱ्यास कोरडा शिधा मिळतो. आजाऱ्यास औषध मिळते, अडलेल्या बाईची सोय होते, असा त्याचा आशय आहे. आम्हांस हा विषय फार वर्षांपासून खुणावीत होता. तिने नोंदणी केली तेव्हा आम्हांस जो आनंद झाला, तो मामाचा होता की दुसऱ्या कोणाचा, हे तेव्हा आम्ही स्वतःस विचारले नाही.

तारखा लावण्याचे काम आम्हीच तिला शिकविले. हे कागद सुहुर सनाचे. आकडा अरबी शब्दांत. ‘आर्बा मयातैन व अलफ’ म्हणजे चार, दोनशे आणि हजार, एकूण १२०४. त्यात सहाशे मिळव, इसवी सन येईल, असे आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले. तिने नऊ महिन्यांत सुमारे अकराशे टिपणे त्या हिशेबाने लिहिली. मग एक चमत्कार दिसू लागला. छत्राच्या हिशेबात एका महिन्याची अखेरची शिल्लक पुढील महिन्याच्या आरंभाशी जुळेना. कोठे तांदूळ कमी पडे, कोठे आपोआप वाढे. तिने दुसरे प्रकरण त्यावर उभे केले : छत्राच्या कारकुनांनी अफरातफर केली. आम्ही हिशेबनीस, अफरातफर म्हटल्याबरोबर आम्हांस स्फुरण चढले. शाबासकी दिली. तिच्या मार्गदर्शकांकडे प्रकरण रवाना झाले आणि, जसे पुष्कळदा होते, पाच महिने तेथेच पडून राहिले.

एका रविवारी आम्ही तिघे बृहदीश्वराच्या देवळात गेलो. प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३च्या डिसेंबरात कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आहे; देवनागरीत असल्याने आम्ही दर वेळी थोडा थोडा वाचतो. भाची काही वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘मामा, हे शके १७२५, रुधिरोद्गारी संवत्सर. माझ्याकडच्या मार्गळीच्या कागदावरही रुधिरोद्गारी आहे, सन १२०४. पण माझ्या टिपणावर डिसेंबर १८०४ लिहिलंय. तेव्हा तर रक्ताक्षी संवत्सर हवं.’’

सुहुर सन मृग नक्षत्र लागते तेव्हा बदलतो. म्हणून त्यास मृगसाल म्हणत. जूनपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवावयाचे, आणि जानेवारीपासून पुढल्या मृगापर्यंत ६००. आयुष्यभर एप्रिल ते मार्च असे वर्ष मोजणाऱ्या माणसास हे सुचू नये! आमच्या सहाशेमुळे प्रत्येक वर्षाचा उत्तरार्ध आधी आणि पूर्वार्ध नंतर लागला होता. शिल्लक जुळणार कशी? कारकुनांनी चोरी केलीच नव्हती.

ती घरी येऊन काही बोलली नाही. रात्री जेवणानंतर मात्र म्हणाली, ‘‘मामा, हा विषय माझा की तुमचा?’’ दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुण्यास निघून गेली.

दीड महिना आम्ही घरात पाहुण्यासारखे वावरलो. आमची मंडळी एरवी आमच्या कागदपत्रांत लक्ष घालीत नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘पोरीला पत्र लिहा. सल्ला नको, चूक लिहा.’’ आम्ही लिहिले. चूक आमची आहे, हे तिच्या मार्गदर्शकांसही आम्ही लिहून देऊ. आणि विषय सोडावयाचा असेल तर खुशाल सोडावा, आम्ही बहिणीस समजावू. टपाल खात्यावर आमचा विश्वास आहे. तरी पोचपावती येईपर्यंत झोप नव्हती.

ती परत आली, पण स्वतःच्या अटींवर. शंभर वर्षांची सगळी छत्रे तिने टाकून दिली. एकच छत्र आणि थोडीच वर्षे ठेविली. मार्गदर्शकांस चूक तिने स्वतः कळविली, आमचे पत्र जोडू दिले नाही. त्यांचे उत्तर चार दिवसांत आले, हे आश्चर्य. रोज किती काम झाले, हे घरात विचारावयाचे नाही, असा नियम मामीकडून करविला. तामिळसाठी शेजारच्या शिक्षिकेकडे संध्याकाळी जाऊ लागली. आणि आम्हांस काम दिले ते केवळ बेरजांचे : टिपणावरचा अर्थ वाचावयाचा नाही, आकडे तेवढे पाहावयाचे. नोकरीत आम्ही असे आदेश अनेकांस दिले; घेण्याचा योग प्रथमच आला.

अकराशेपैकी निम्म्याहून अधिक टिपणांवर नवी तारीख लाल शाईने घालावी लागली. त्यास चार महिने लागले. जुने दुसरे प्रकरण संपूर्ण रद्द झाले. त्याच्या जागी आता जे आहे, त्यात छत्रात जेवणाऱ्यांची संख्या कोणत्या महिन्यात वाढे आणि तांदूळ कोठून येई, एवढेच आहे. अफरातफरीपेक्षा हे रुक्ष, असे आम्ही बोलून गेलो. तिने आमच्याकडे पाहिले, आम्ही गप्प बसलो.

गेल्या महिन्यात तिने प्रबंध सादर केला. तोंडी परीक्षा व्हावयाची आहे. सादर करण्याच्या आदल्या रात्री शेवटच्या वर्षाचा ताळा तपासण्यास तिने आम्हांस हाक मारिली. आम्ही चष्मा लावून कलम, मरक्काल, चक्रम, पणम अशी खाली उतरत बेरीज केली. कारकुनाचे नाव कागदावर नाही. त्याची शिल्लक दोनशेहून अधिक वर्षांनी एका पणमाचाही फरक न पडता जुळली.