दोष कोद्र्याचा नाही, बुरशीचा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातील बांधवगडच्या जंगलात तीन दिवसांत दहा हत्ती मेले. कळप तेरा हत्तींचा होता. कोणी तरी विष घातले असावे, असा संशय आधी आला. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने तपासणी केली. कीटकनाशक सापडले नाही. सापडले ते सायक्लोपियाझोनिक आम्ल. हे विष बुरशी तयार करते. हत्तींनी बुरशी लागलेला कोद्रा पोटभर खाल्ला होता.

कोद्रा, म्हणजे कोकणातला हरीक, हे गवताच्याच जातीचे धान्य. पीक तयार होताना पाऊस लागून राहिला की कणसांत बुरशी वाढते. असा कोद्रा खाल्लेले जनावर लटपटते, गुंगते, खाली बसते. माणसालाही चक्कर येते, उलट्या होतात.

आपल्या पाड्यांवर बैल गेला तर पेरणी अडते. बैल अचानक पडला की कोणी ‘करणी’ म्हणतो आणि बोट एखाद्या एकट्या बाईकडे जाते. म्हणून पाड्यावर जाल तेव्हा एवढे सांगा: पावसात भिजून काळा पडलेला कोद्रा किंवा बुरशीचा पेंढा गुरांपुढे टाकू नका. एकदा तयार झालेले विष उन्हात वाळवून जात नाही. जनावर लटपटले तर चारा लगेच बंद करा, पशुवैद्यकाला बोलवा, चाऱ्याचा नमुना राखून ठेवा.

कोणाचे नाव घेण्याआधी गव्हाणीतला चारा पाहा.