न घडलेल्या यंत्रांची चित्रे



व्याख्यानमालेच्या फलकावर माझा विषय वाचून एका जुन्या स्नेह्यांनी मला वाटेतच गाठले आणि विचारले, "अहो, ह्या वयात तुम्ही खेळ आणि कॉमिक यांच्या नादी कुठे लागलात?" प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, निसर्गचित्र आणि एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा हेच माझे क्षेत्र. अवकाशयाने आणि यंत्रमानव काढणाऱ्या हौशी चित्रकारांविषयी बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला? तो अधिकार मला माझ्या एका चुकीने दिला आहे. म्हणून आधी ती चूक सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला मी स्मरणचित्रासाठी 'एस.टी. स्टँड' हा विषय दिला होता. एका मुलाने स्टँड काढला, गाठोडी घेऊन बसलेल्या बाया काढल्या, शेंगा विकणारा पोरगा काढला. सगळे उत्तम. पण गाड्यांना त्याने चाकेच काढली नव्हती. त्या जमिनीपासून हातभर वर तरंगत होत्या. मी लाल शाईने 'विषय सोडून' असा शेरा मारला आणि गुण कापले. मुलगा काही बोलला नाही. मीही ते विसरून गेलो.

दोन वर्षांपूर्वी त्याची आई माझ्या घरी आली. मुलगा आता एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. रात्री जेवण झाले की संगणकाला जोडलेल्या पाटीवर चित्रे काढीत बसतो, ती पुढल्या शतकांतल्या यंत्रांची, खेळांत आणि चित्रकथांत शोभतील अशी. कोणी मागितलेली नाहीत, कोणी पैसे देत नाही. आईने छापून आणलेला गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "सर, तुमचं तो ऐकेल. ह्यातनं त्याचं काही होणार आहे का, तेवढं सांगा. नाहीतर त्याला समजवा."

मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. मग मी वाचू लागलो, पाहू लागलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या माऊलीला द्यावयाचे राहिलेले उत्तर आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करू. आपल्या ड्रॉइंगच्या परीक्षेत 'संकल्पचित्र' म्हणजे नक्षीकाम. मी ज्या संकल्पचित्रांविषयी बोलतो आहे त्यांचे काम निराळे आहे. जी वस्तू जगात नाही ती असती तर कशी दिसली असती, कशी चालली असती, हे ठरवणारे चित्र म्हणजे संकल्पचित्र. खेळ किंवा चित्रकथा रचणाऱ्याला असे चित्र आधी लागते. घर बांधण्यापूर्वी नकाशा लागतो, तसेच हे.

आता कोणी म्हणेल, जी वस्तू नाहीच तिचे चित्र चुकणार तरी कसे? मनाला येईल ते काढावे! येथेच सारी गोम आहे. घोडा चुकला तर घोडा पाहिलेला माणूस ती चूक दाखवतो. नसलेल्या यंत्राची चूक दाखवणारा असा कोणी नसतो. म्हणून तिथे चित्रकाराला स्वतःचाच परीक्षक व्हावे लागते. ह्या कलेला नियम नाहीत असे नव्हे. नियम शोधून काढण्याचे काम तिने चित्रकारावरच टाकले आहे, इतकेच.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांची मंगळावरच्या स्वारीची कादंबरी १८९८ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातले मंगळवासी तीन पायांच्या प्रचंड यंत्रांत बसून चालतात. तीन पायच का? वेल्सने एक फार मार्मिक गोष्ट लिहून ठेवली आहे : मंगळवासीयांच्या यंत्रांत चाक कुठेच नाही. चाकाची कल्पनाच ज्यांना सुचली नाही किंवा ज्यांनी ती टाकून दिली, त्यांचे वाहन चालणारच. त्याला पाय फुटणारच. एक गोष्ट मान्य केली की तिच्यातून दहा गोष्टी आपोआप निघतात. हे वाचताना मला कोणाची आठवण झाली असेल, हे आपण ओळखलेच असेल. बिनचाकांच्या गाड्या काढणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच विचारायला हवे होते : "बाळ, चाके नाहीत, तर मग ह्या गाड्या थांबतात कशा?" तो प्रश्न मी विचारला नाही. मी गुण कापले.

ही कथा प्रथम मासिकात आली तेव्हाच्या चित्रांतली यंत्रे वेल्सला पटली नव्हती. ती त्याला ताठ आणि निर्जीव वाटली, आणि पुस्तकात त्याने तसा टोमणाही मारून ठेवला. पुढे आंरिकी आल्व्हिम कोरेआ नावाचा एक तरुण ब्राझिलियन चित्रकार ब्रुसेल्समध्ये राहत होता. त्याला कोणी काम दिले नव्हते. कादंबरी वाचून तो इतका भारावला की त्याने आपण होऊन तिची चित्रे काढली आणि १९०३ साली ती घेऊन लंडनला वेल्सची भेट घेतली. वेल्सला ती पसंत पडली. १९०६ साली बेल्जियममध्ये ती चित्रे घेऊन ५०० प्रतींची आवृत्ती निघाली. चार वर्षांनी क्षयाने कोरेआ गेला. तेव्हा तो अवघा चौतीस वर्षांचा होता. पण त्याची यंत्रे पाहा. ती झुकतात, डोकावतात, शिकार हुंगल्यासारखी उभी राहतात. कोरेआ पढिक चित्रकार होता, हौशी नव्हता. पण हे काम त्याने हौशी माणसाच्या वृत्तीने केले. कोणी सांगितले नसताना केले, हाच त्या वृत्तीचा अर्थ.

त्याच मंगळवासीयांचे पुढे काय झाले? १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो नावाच्या अभियंत्याने 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ केला. त्याचे यंत्र, त्याची आज्ञावली आणि त्याची चित्रेसुद्धा त्यानेच केली. शत्रू म्हणून माणसे दाखवावीत, असा एक विचार होता. पण माणसांवर गोळ्या झाडण्याचा खेळ नको, असे ठरले. मग वेल्सच्या ऑक्टोपससारख्या मंगळवासीयांची त्याला आठवण झाली. पण पडद्यावर जागा किती? सगळ्यांत मोठ्या प्राण्याला १२ ठिपके रुंदी आणि ८ ठिपके उंची! एवढ्या ठिपक्यांत त्याने ऑक्टोपस, खेकडा आणि माकूळ उभे केले. आपल्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी ज्यांनी काढली आहे, त्या भगिनींना ह्या कामाची अडचण आणि गोडी दोन्ही चटकन कळतील. शिवाय पडद्यावरचे प्राणी कमी झाले की यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेले प्राणी अधिक वेगाने धावत. निशिकादोने तो दोष काढून टाकला नाही. त्यानेच खेळाला रंगत आणली.

ह्या उदाहरणांत मला एक समान सूत्र दिसते. चित्र खरे वाटते ते तपशिलांच्या गर्दीने नव्हे, 'असे का?' ह्या प्रश्नाला उत्तर असल्यामुळे. चित्रपटातले एक उदाहरण देतो. राल्फ मक्वॉरी हा विमानांच्या कारखान्यासाठी तांत्रिक चित्रे काढणारा माणूस. १९७५च्या सुमारास जॉर्ज लुकासच्या 'स्टार वॉर्स'साठी तो खलनायकाचे चित्र काढू लागला. हा माणूस एका यानातून दुसऱ्या यानात पोकळीतून जाणार, मग तो श्वास कसा घेईल, असा प्रश्न त्याला पडला. त्यातून श्वासाचा मुखवटा आला, आणि तो मुखवटा आज पोराबाळांनाही माहीत आहे. केवळ भय दाखवण्यासाठी तो काढला असता तर इतका ठसला असता, असे मला वाटत नाही.

दुसरे सूत्र असे की परग्रह काढायचा तर आधी आपले गाव पाहिलेले असावे लागते. वेल्सने मंगळवासी उतरवले ते वोकिंग ह्या आपल्या राहत्या गावाजवळच्या माळावर. जिथे तो सायकलवर हिंडे तिथेच. स्वीडनचा सिमॉन स्टोलेनहाग हा १९८४ साली जन्मलेला चित्रकार. स्टॉकहोमजवळच्या ज्या बेटांवर तो वाढला त्यांचीच चित्रे त्याने काढली : बर्फाळलेली शेते, जुन्या व्होल्व्हो मोटारी, कानटोप्या घातलेली पोरे, आणि त्यांच्यामागे गंजत पडलेले प्रचंड यंत्रमानव. २०१४ साली त्यांचे पुस्तक झाले, २०१७ साली त्यावरून मेजाभोवती बसून खेळायचा खेळ निघाला, २०२० साली चित्रमालिका आली. यंत्रमानव तर कोणीही काढतो. त्याची चित्रे मनात राहतात ती त्या कानटोप्यांमुळे.

आपल्याकडचे एक उदाहरण चित्राचे नाही, कथेचे आहे, पण ते हौसेविषयी पुष्कळ सांगते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ह्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते डॉ. जयंत विष्णु नारळीकर! नावाच्या वजनावर निवड होऊ नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी केली होती. जगद्विख्यात शास्त्रज्ञ कथेच्या दारात नवशिका म्हणून उभा राहिला. हौस ही कमीपणाची गोष्ट नाही, ह्याला याहून चांगला दाखला कोणता द्यावा?

परंतु श्रोतेहो, हौशी माणसाच्या वाटेवर एक खड्डा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात जेरी सीगल आणि जो शूस्टर ही दोन गरीब घरची मुले एका शाळेत होती. विज्ञानकथांच्या वेडाने त्यांनी एक मासिक काढले. त्याच्या प्रती यंत्रावर स्वतःच काढायच्या. १९३३च्या अंकात जेरीने अतिमानवाची कथा लिहिली, जोने चित्रे काढली. जोकडे चित्राचा फळा नव्हता. आईची पाव मळायची फळी तो वापरी. त्यातूनच पुढे 'सुपरमॅन' घडला. कित्येकांनी तो नाकारला. अखेर मार्च १९३८ मध्ये त्यांनी तो प्रकाशकाला विकला. सर्व हक्कांसह किंमत आली १३० डॉलर. प्रकाशक गबर झाले. पुढे जोची दृष्टी अधू झाली आणि दोघांनाही हलाखी आली. १९७५ साली लोकांनी आवाज उठवल्यावर प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर आणि चित्रकथेवर दोघांचे नाव, एवढे पदरात पडले. तो पहिला अंक छापला गेला तेव्हा दहा सेंटला मिळत होता. त्याची एक प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरला विकली गेली.

ही कथा मी करमणुकीसाठी सांगितली नाही. माझ्या विद्यार्थ्याकडेही खेळ करणाऱ्या एका मंडळींचे पत्र आले होते : सगळी चित्रे द्या, थोडी रक्कम घ्या आणि हक्क कायमचे लिहून द्या. पोराला आकाश ठेंगणे झाले. कोणीतरी आपली चित्रे मागितली, ह्या आनंदात तो सही करायला निघाला होता. हौशी माणसाला पैशाहून कौतुकाची भूक मोठी असते, आणि देणाऱ्याला ती ठाऊक असते. मी त्याला जो शूस्टरची गोष्ट सांगितली आणि एका वकिलांकडे नेले. त्याने उलट लिहिले : दोन चित्रे वापरा, नाव छापा, बाकीची माझी. ते मंडळी पुन्हा बोलले नाहीत. तो आठ दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हता. मीही त्या आठवड्यात नीट झोपलो नाही. पुन्हा एकदा ह्याचे गुण कापले की काय, असे वाटत राहिले.

आणखी एक शंका. २०२२ पासून चार शब्द सांगताच क्षणात चित्र काढून देणाऱ्या संगणकयंत्रणा सर्वांच्या हाती आल्या आहेत. मग हाताने कशाला काढायचे? ज्यांचे पोट ह्या धंद्यावर आहे त्यांची चिंता खरी आहे. तिला मी हसणार नाही. पण ती यंत्रणा आधीच्या असंख्य चित्रांवरून रूप देते. 'असे का?' हे कोणीतरी तिला सांगावे लागते, आणि ते सांगण्याची सवय काढता काढताच लागते.

आता त्या गठ्ठ्याकडे वळतो. सत्तर-ऐंशी चित्रे होती. खरे सांगायचे तर बहुतेक चित्रे परक्या चित्रपटांची उसनवारी होती. चकाकती याने, निळे दिवे. पण एक चित्र वेगळे होते. पावसात भिजलेले काळ्या मातीचे शेत, आणि त्यातून उसाची मोळी पाठीवर घेऊन चालणारे चार पायांचे यंत्र. त्याचे पाय बैलाच्या खुरासारखे दुभंगलेले होते. समासात त्याने लिहिले होते : 'काळ्या रानात चाक रुतते. खूर दाबताना फाकतो, उचलताना मिटतो, म्हणून चिखल धरून ठेवत नाही.' खाली मोजमापे होती. लेथवर काम करणाऱ्याच्या हाताची, काटेकोर.

मी ते चित्र त्याच्या आईला दाखवले. ती शेतकऱ्याची लेक. तिने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, "पण मागचा पाय एवढा सरळ नसतो बैलाचा." मुलाने तो पाय त्याच रात्री बदलला. ही बाई मुलाला समजवायला सांगण्यासाठी आली होती, हे आपण लक्षात घ्या.

तर तिच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. ह्यातून त्याला पैसा मिळेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. लेथ त्याने सोडू नये. पण चित्रही सोडू नये. आणि आपल्या घरात असा कोणी मुलगा किंवा मुलगी न घडलेली यंत्रे काढीत बसली असेल, तर 'हे काय खुळ' असे म्हणू नका, आणि 'वा, छान' म्हणून सोडूनही देऊ नका. जवळ बसा आणि विचारा, "हे चालतं कसं?" मी नववीच्या वर्गात जे विचारायला चुकलो, ते आपण विचारा.

त्या जुन्या चित्राविषयी मी त्याला अलीकडे विचारले. तो हसून म्हणाला, "सर, स्टँडच्या जमिनीत मोठं लोहचुंबक होतं. ते कागदाच्या मागं लिहिलं होतं." मी कागद उलटून पाहिलाच नव्हता.