घरासाठी मिळालेली भेट आणि मागे राहिलेले हप्ते

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर गृहकर्जासारखा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आमच्या वर्गातच बसलेले असते. भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या घरातील मूल शाळाही बदलते, आणि दहावीच्या वर्षी ती बदलली तर काय होते हे शिक्षकांना सांगावे लागत नाही. तेव्हा घर हा शिक्षणाचाच विषय आहे असे समजून मी बोलणार आहे.

आरंभीच एक खुलासा करतो. व्याजाच्या प्रश्नावर आपल्या समाजात मतभेद आहेत. काही घरे बँकेच्या कर्जापासून कटाक्षाने दूर राहतात आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. बिनव्याजी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ठरवले, हेही आपणांस ठाऊक असेल. कर्ज घ्यावे की घेऊ नये, हे ज्याने त्याने आपल्या मनाला आणि उलेमांना विचारावे. ते सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु जी कुटुंबे बँकेच्या दारात जातातच, ती तेथून हिरमुसली होऊन का परततात, एवढेच मी पाहिले आहे आणि तेवढेच सांगतो.

बँक घराची सगळी किंमत देत नाही. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या फार तर ९० टक्के, तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के, अशी रिझर्व्ह बँकेने घातलेली मर्यादा आहे. ही कमाल मर्यादा होय. तेवढे मिळण्याचा हक्क आहे, असा तिचा अर्थ नाही. तीस लाखांचे घर घ्यायचे तर तीन लाख रुपये आपले हवेत. त्यावर मुद्रांक शुल्क सहा टक्के धरले तर एक लाख ऐंशी हजार, नोंदणीचे तीस हजार. हा खर्च सामान्यतः कर्जाच्या हिशोबात धरला जात नाही. म्हणजे पाच लाख दहा हजार झाले. मासिक पगारावर जगणाऱ्या माणसाजवळ एवढी शिल्लक क्वचितच असते. मग वडील आपल्या निवृत्तीच्या पैशातून देतात, आखातातील भाऊ पाठवतो, मामू मदतीला धावतात. आपल्या कोकणात किती घरांचे पाये कुवेत-दुबईच्या पैशावर उभे आहेत, ते या सभागृहाला मी काय सांगावे?

ही भेट घेण्यात गैर काही नाही, बँकही ती मानते. पण बँकेला तिचा माग लागला पाहिजे. ती खात्याचा सहा महिन्यांचा उतारा मागते, आणि गेल्याच आठवड्यात चार लाख जमा दिसले की हे कोठून आले, असे विचारते. देणाऱ्याचे नाव, नाते, त्याच्या खात्याचा उतारा आणि ही रक्कम परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिली आहे असे सहीनिशी निवेदन, एवढे तयार ठेवावे. भाऊ परदेशात असेल तर त्याने आपल्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात रक्कम पाठवावी. ओळखीच्या माणसाच्या हाती रोख पाठवू नये. एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारणे हा आयकर कायद्याचा भंग आहे आणि दंड तितक्याच रकमेचा होऊ शकतो.

नात्याचीही एक गंमत आहे. आईवडील, आजीआजोबा, सख्खी भावंडे, चाचा, मामू, फुफी, खाला यांच्याकडून आलेल्या भेटीवर घेणाऱ्याला आयकर नाही, मग रक्कम कितीही असो. पण चुलतभाऊ किंवा मामेभाऊ त्या यादीत नाही. वर्षभरात यादीबाहेरच्यांकडून मिळून पन्नास हजारांपेक्षा जास्त आले तर ती सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. आणखी पाहा. मामूंनी भाच्याला दिले तर कर नाही, भाच्याने मामूंना दिले तर आहे! कायदा करणाऱ्यांनी भाच्यांकडून फारशी अपेक्षा ठेवलेली दिसत नाही.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला त्या मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे हिबा तोंडी होतो. ईजाब, कबूल आणि कब्जा, म्हणजे देणाऱ्याने दिले म्हणणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि वस्तू प्रत्यक्ष हाती येणे, या तीन गोष्टी झाल्या की तो पुरा होतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे मान्य केले आहे. त्यामुळे कागद म्हणजे निव्वळ बँकेची औपचारिकता, असे समजून आपण तिच्या नमुन्यावर डोळे मिटून सही करतो. वडिलांनी मात्र मनात म्हटलेले असते, ‘आता दे म्हणत नाही, सवडीने दे. बहिणीच्या लग्नाला लागतील.’ हा हिबा नव्हे, हे कर्ज झाले. तरी कागदावर ‘भेट’ असे लिहिले जाते, कारण कर्ज म्हटले तर बँक त्याचा हप्ताही आपल्या डोक्यावर धरील आणि मंजूर रक्कम कमी करील.

बँकेशी खोटे बोलणे हा त्यातला एक दोष झाला. दुसरा दोष घरातला आहे. वडील गेल्यावर मिळकतीची वाटणी निघते. वडिलांचे मुलाकडे येणे असेल तर ते तरक्यात मोजले जाते आणि त्यात मुलींचा हिस्सा असतो. जर ती भेट असेल तर विषय तेथेच संपला. ‘अब्बांनी ते पैसे परत मागितले होते’ असे बहीण म्हणते, आणि भाऊ, किंवा पुष्कळदा भावाचा मुलगा, बँकेच्या फायलीतील कागद पुढे करतो. बहिणीजवळ कागद नसतो. कर्ज लिहून ठेवण्याविषयीची सूरह बकरातील आयत आपण किती वेळा ऐकली आहे! तेव्हा मुलग्यांना माझे सांगणे आहे की, सही करण्यापूर्वी वडिलांना बहिणींच्या समक्ष विचारा, ‘हे दिले आहे की उसने आहे?’ उसने असेल तर बँकेला तसे सांगा आणि लहान घर पाहा. आणि वडिलांना विनंती आहे की, मुलाला घरासाठी देताना मुलीला काय दिले, याचाही त्याच बैठकीत विचार व्हावा.

जी रक्कम सुनेने आणली असेल, तिच्या महेरची किंवा पगाराची असेल, ती भेट म्हणून लिहू नये. तिचे नाव घराच्या करारात मालक म्हणून लिहावे.

दुसरी गोष्ट मागील व्यवहारांची. २००० साली सिबिल ही संस्था निघाली. आज देशात अशा चार संस्था आहेत आणि २००५ च्या कायद्याने त्यांचे काम चालते. तुम्ही घेतलेले कर्ज, क्रेडिट कार्ड, हप्त्यावरचा मोबाइल, आणि कोणता हप्ता किती दिवस थकला, हे सारे बँका त्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० असा अंक निघतो. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जे शैक्षणिक कर्ज घेतील त्यांच्या चोपडीचे ते पहिले पान असते. पालक सहकर्जदार असतात, म्हणून ते पान त्यांच्याही नावावर पडते. मुलाने नोकरी लागूनही हप्ते टाळले आणि त्यामुळे वडिलांचा अर्ज फेटाळला गेला, असे घडते.

जामीनदारांचेही तसेच. मित्राच्या रिक्षाच्या कर्जाला आपण भिडेखातर सही देतो. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याने हप्ते थकवले की नाव आपलेही बिघडते, आणि आपल्याला ते कळते गृहकर्जाच्या दिवशी.

आणखी एक फसवा शब्द आहे, ‘सेटल’. कार्डाचे सत्तर हजार थकले, वसुलीवाल्याने ‘तीस हजार भरा, प्रकरण मिटवू’ म्हटले, आपण आनंदाने भरले. पण अहवालात ते खाते ‘बंद’ असे न लिहिता ‘सेटल’ असे लिहिले जाते. म्हणजे या माणसाने पूर्ण फेडले नाही, हे वाचणाऱ्या बँकेला वर्षानुवर्षे दिसत राहते. शक्य असेल तर उरलेली रक्कम भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि खाते ‘बंद’ म्हणून कळवण्यास त्या बँकेला लेखी सांगावे.

बिघडलेल्या नावाची किंमत किती, ते गणिताने पाहू. चोवीस लाख रुपये वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे २०,८२८ रुपये येतो. हेच नाव खराब म्हणून दुसऱ्या एखाद्या संस्थेकडून साडेदहा टक्क्यांनी घ्यावे लागले तर २३,९६१. महिन्याला ३,१३३ रुपयांचा फरक, आणि वीस वर्षांत साडेसात लाख! मामूंनी दिलेली भेट त्यात कधीच वाहून गेली. म्हणून भेटीची रक्कम मोठी असली की मागचे कोणी पाहणार नाही, ही समजूत सोडावी. सहा लाख मिळणार असतील आणि ऐंशी हजारांची जुनी थकबाकी असेल, तर देणाऱ्याला विचारून आधी थकबाकी भरावी, सहा-आठ महिने सगळे हप्ते वेळेवर जाऊ द्यावेत, मग अर्ज करावा. घर तोवर थांबते. महागच कर्ज घ्यावे लागले तरी बदलत्या व्याजदराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडण्यास दंड नाही. नाव सुधारल्यावर ते दुसऱ्या बँकेत नेता येते.

चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो वाचावा. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या खाली आलेले असू शकते. आपल्यात एकाच नावाची किती माणसे एका मोहल्ल्यात असतात! चूक असेल तर तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. ‘पाच हजार द्या, अंक वाढवून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही. आणि ज्याने कधीच कर्ज घेतलेले नाही त्याने घाबरू नये. केवळ इतिहास नाही म्हणून अर्ज नाकारू नये, असे बँकांना सांगितलेले आहे.

हे सारे विसार देण्यापूर्वी करायचे असते. बिल्डरला नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. पण तेवढेही अडकले तर थोडे नसतात. जुने घर घेत असाल तर कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत मिळेल, असे वाक्य पावतीत लिहून घ्या. विकणारा तसे लिहून देत नसेल, तर बँकेचे उत्तर येईपर्यंत पैसे आपल्याच खात्यात असू द्या.

ज्या पालकांना आपला अहवाल मागवायचा असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर पॅन कार्ड आणि आपला मोबाइल घेऊन शाळेत यावे. अकरावीचे काही विद्यार्थी आणि मी तेथे असू. पासवर्ड मात्र आम्हालाही सांगू नये.