काठीवर न भुंकणारं पिल्लू

आज आपण कुत्र्याच्या पिल्लांबद्दल बोलणार आहोत. बचत गटात कुत्र्याचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण हा विषय गटातूनच निघाला.

आमच्या गटातल्या एका ताईंना दिसत नाही. पांढरी काठी टेकत त्या दर महिन्याला बैठकीला यायच्या. वाटेवर आमचीच घरं आणि घरापुढं आमचीच कुत्री. काठी वाजली की ती धावून यायची. आपण कुत्रं बघून बाजूला होतो. त्यांना ते किती जवळ आलंय हेच कळायचं नाही. एकदा घाबरून त्या चरीत पडल्या. पुढं बचतीचे पैसे मुलाच्या हाती यायला लागले. आम्ही ते जमा करून घेत राहिलो. ताई का येत नाहीत, हे विचारायला आम्हाला तीन महिने लागले.

खरं तर हेच कुत्रं अंध माणसाला वाट दाखवू शकतं. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत अशा कुत्र्यांची शाळा निघाली. १९२९ साली अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली. आता अनेक देशांत हे काम चालतं.

पण ही कुत्री आधी साध्या घरात वाढतात. साधारण आठ आठवड्यांचं पिल्लू एखाद्या कुटुंबाकडे देतात. वर्षभर ते कुटुंब त्याला बाजारात नेतं, जिना चढवतं, गाड्यांचे आवाज ऐकवतं, पोराबाळांत बसवतं. ताटात तोंड घालायचं नाही, अंगावर उड्या मारायच्या नाहीत, हे शिकवतं. मग जड मनानं ते शाळेला परत करतं. तिथं काही महिन्यांचं शिक्षण होतं. समोरून गाडी येत असेल, तर मालकानं ‘चल’ म्हटलं तरी ते हलत नाही, इतकं ते तयार होतं. अशा कुत्र्याच्या अंगावर कामाचा पट्टा असेल, तर त्याला हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही.

आपल्या देशात अशी कुत्री फार थोडी आहेत. आपल्या वाड्यावस्त्यांवर ती येतील तेव्हा येतील. पण पिल्लू वाढवायची रीत आजच घेता येते. माण, आटपाडी, जतकडच्या धनगर बायांना ती नवी नाही. मेंढरांत वाढलेलं पिल्लू मेंढरांना आपलं मानतं. तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे शांतपणे बघतं, त्याला पुढं सहसा भीत नाही.

म्हणून आम्ही गटात काही गोष्टी ठरवल्या. पिल्लू आठ आठवडे आईजवळच ठेवायचं. मग अंगणात काठी आडवी ठेवून शेजारी भाकरीचा तुकडा टाकायचा. ते निवांत खायला लागलं की लांबून काठी हळू वाजवायची, मग जरा जवळून. घाबरलं तर मागं सरायचं, रागवायचं नाही. आणि काठीनं कुत्र्याला मारायचं नाही. ज्यानं काठीचा मार खाल्लाय, ते काठीवाल्या माणसावर भुंकणारच. मोठी कुत्री बैठकीच्या वेळी बांधून ठेवायची.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की जनावरांच्या दवाखान्यात रेबीजची लस टोचून घ्या. पुढच्या मात्रा डॉक्टर सांगतील तशा, दरवर्षी चुकवू नका. कुत्रं चावलंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. चटणी, चुना लावू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा आणि सगळ्या मात्रा पूर्ण करा.

मागच्या बैठकीला आमच्यातल्या दोघी ताईंना आणायला गेल्या. एकीनं त्यांचा हात धरून ओढला. ताई म्हणाल्या, “मला ओढू नका गं, तुमचं कोपर मला धरू द्या.” हेही आम्हाला माहीत नव्हतं.

वाटेत एका ओसरीवरचं पिल्लू उठलं, त्यानं काठी हुंगली आणि परत जाऊन झोपलं. ताईंनी विचारलं, “भुंकलं कसं नाही?” आम्ही म्हटलं, “ते आपल्या गटातलं आहे.” त्या दिवशी ताईंनी आपले पैसे स्वतःच्या हातानं भरले.

तुमच्या गटातलं कोण यायचं थांबलंय? वाटेवर काय आडवं येतंय, ते आज त्यांना विचारा.