दुष्काळात पुराची दवंडी



विहिरीने तळ गाठला आहे. गावात टँकर येतो. बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या आहेत. अशा वेळी बातम्यांत सांगतात, "दोन दिवसांत मुसळधार पाऊस पडेल. नदीकाठच्या लोकांनी सावध राहावे." ऐकून लोक हसतात. "इथं प्यायला थेंब नाही, अन् म्हणे पूर येणार!"

हसू येणारच. पण आपण लातूरकडे पाहू.

सन २०१६. लातूरला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले. एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता मराठवाड्यात धो धो पाऊस झाला. मांजरेला पूर आला. कोरडे धरण भरले. एकाच मुलखाने सहा महिन्यांत दोन्ही पाहिले.

आता एक हिशेब करू. एका एकरावर १०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४ इंच, पाऊस पडला तर किती पाणी होते? सुमारे ४ लाख लिटर. म्हणजे त्या पहिल्या आगगाडीतले पाणी सव्वा एकर रानावर पडले! मग शिवारभर किती पडत असेल?

हे सारे पाणी जमिनीत का मुरत नाही? काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात. पहिले पाणी त्या भेगांत जाते. मग माती फुगते आणि भेगा मिटतात. पुढचे पाणी वरून धावते. माळ तर दुष्काळात बोडका झालेला असतो. गवत नाही, झुडूप नाही. पाण्याला अडवणार कोण? ते माती घेऊन ओढ्याला मिळते.

आणि ओढा कोरडा म्हणून आपण काय करतो? पात्रात झरे खणतो. तिथेच मोटर ठेवतो, गुरे बांधतो, कुणी खोपटेही घालतो. पण पाऊस वरच्या अंगाला पडतो. आपल्या डोक्यावर ऊन असते, तरी ओढ्याला लोंढा येतो. झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या बाईला पळायलाही वेळ मिळत नाही. नदी आटली तरी तिची वाट तिचीच असते.

"पण अंदाज चुकतो की!" असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, कधी चुकतो. शिवाय इशारा बहुधा सबंध जिल्ह्याचा असतो. एका तालुक्यात ओढे भरतात, शेजारच्या तालुक्यात धूळ उडते. हवामान खाते रंगांनी इशारा देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा.

म्हणून आम्ही सांगतो ते ऐका. पाऊस आला तर उपयोग व्हावा, नाही आला तरी तोटा होऊ नये, अशी कामे करावीत.

पात्रातली मोटर आणि गुरे वर आणा. पात्रात कुणाचे बिऱ्हाड असेल तर त्याला जागा द्या. पाझर तलावाच्या सांडव्यातली झुडपे काढा. सांडवा तुंबला तर बांध फुटतो. मग पाणीही जाते आणि खालची शेतेही. बांध दुरुस्त करा. छपराच्या पन्हळीखाली धुतलेले पिंप ठेवा. रोजची पाण्याची तंगी तेवढीच हलकी होईल.

पाणी पुलावरून वाहत असेल तर पलीकडे जाऊ नका. गुडघाभर पाणीही ओढ असली की माणसाला पाडते. पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबा.

पुराचे पाणी विहिरीत शिरले तर ते तसेच पिऊ नका. तहान मोठी असते, हे आम्ही जाणतो. पण त्या पाण्यातून हगवण आणि पटकी येते. ग्रामपंचायतीला सांगून विहिरीत औषध टाकून घ्या. पाणी उकळून, गार करून प्या.

मंडळी, पावसाची वाट तर आपण सगळेच पाहतो. तो यावा, शिवारात मुरावा, विहिरी भराव्यात. पण तो येईल तेव्हा आपली माणसे आणि गुरे त्याच्या वाटेत नसावीत. दवंडी ऐकली की हसण्याआधी ओढ्याकडे एक फेरी मारा. तिथे कोण आहे, ते पाहा आणि त्याला हाक मारून वर बोलवा.